एक आडनाव, दोन तक्षिमा : वाई प्रांतातील एका पाटीलकीचा शोध

सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात, कृष्णेच्या काठापासून फार दूर नसलेल्या एका गावात ‘पाटील’ हेच आडनाव लावणारी दोन मराठा घराणी आहेत. गावात त्यांना थोरली तक्षीम आणि धाकटी तक्षीम म्हणतात; तक्षीम म्हणजे वतनातला हिस्सा. दोघांचे वाडे वेशीच्या आत समोरासमोर आहेत आणि दोघांच्या तोंडी कथाही एकच आहे : मूळ पुरुषाला दोन मुलगे झाले, त्यांनी पाटीलकी निम्मी निम्मी वाटून घेतली आणि पुढे एका पिढीतले दोघे भाऊ पानिपतावर गेले ते परत आले नाहीत. ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाल्यावर स्मरणिका काढायचे ठरले आणि तिच्यात ‘पाटील घराण्याची वंशावळ’ छापावी असे यात्रा समितीने सुचवले, तेव्हा धाकट्या तक्षिमेतील, पुण्यात स्थायिक झालेल्या एका शिक्षिकेने ते काम अंगावर घेतले. या शोधात प्रस्तुत लेखक त्यांच्यासोबत होता. दोन्ही घरांच्या इच्छेनुसार गावाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही.

कागदांकडे वळण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून जे ऐकायला मिळाले, त्यातच कथेशी न जुळणाऱ्या गोष्टी होत्या. शिक्षिकेच्या आत्यांनी सांगितले की थोरल्या घरात कोणी गेले तर धाकट्या घरात सुतक धरत नाहीत. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले, “लई पिढ्या झाल्या, म्हणून सुटलं.” हे मान्य केले तरी देवकाचा प्रश्न उरतो. थोरल्यांचे देवक पंचपालवी, तर धाकट्यांचे कळंब. थोरले लग्नानंतर जेजुरीला जातात, धाकटे तुळजापूरला. सुतक पिढ्यांच्या अंतराने सुटू शकते, परंतु सख्ख्या भावांच्या वंशात देवक आणि कुलदैवत दोन्ही वेगळी असणे ही सहज सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे. याच आत्यांच्या धाकट्या बहिणीची सोयरीक एकेकाळी थोरल्या घरात जुळत आली होती आणि ‘भावाभावांत लगीन कसं करायचं’ म्हणून ती मोडली गेली, हेही याच बोलण्यात पुढे आले. म्हणजे जन्माच्या प्रसंगी आणि मरणाच्या प्रसंगी ही घरे एकमेकांना परकी होती, आणि लग्नाच्या प्रसंगी मात्र भाऊबंद होती.

स्मरणिकेला हवी असलेली वंशावळ एका झाडाच्या दोन फांद्या दाखवणारी होती. शोधाचा प्रश्न त्यामुळे आपोआप ठरला : ही दोन घरे खरोखर एका रक्ताची आहेत का, आणि नसतील तर एकाच पाटीलकीचे निम्मे निम्मे धनी कशी झाली?

गावचे आणि तालुक्याचे कागद

गावात जुने काही उरले असेल अशी आशा थोडी होती. पाटलाकडे अधिकार असला तरी लिहिणे कुलकर्ण्याचे, आणि गावचे दप्तरही त्याच्याच वाड्यात. गांधीहत्येनंतर १९४८ साली सातारा भागात ब्राह्मणांच्या घरांची जी जाळपोळ झाली, तिच्यात या गावच्या कुलकर्ण्यांचा वाडाही गेला आणि त्यासोबत दप्तर गेले. अनेक गावांचा लिखित इतिहास असा एका दिवसात संपलेला आहे आणि त्याची झळ केवळ त्या वाड्यातल्यांनाच नव्हे, तर गावातल्या प्रत्येक घराच्या वंशावळीला लागलेली आहे.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मात्र उपयोगाचे बरेच मिळाले. अशा ठिकाणी सुरुवात नेहमी अलीकडून करावी. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचे पद आणि वतन रद्द झाले, त्यानंतर वतनाच्या जमिनी पूर्वीच्या वतनदारांना रक्कम भरून घेऊन परत देण्यात आल्या, आणि त्या प्रत्येक व्यवहाराचा फेरफार गाव नमुना ६ मध्ये नोंदला गेला. या फेरफारांत दोन्ही तक्षिमांचा हिस्सा आठ-आठ आणे असा स्पष्ट लिहिलेला आहे. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर तयार झालेल्या पहिल्या पत्रकांपर्यंत मागे जाता आले, आणि तेथेही हिस्से तसेच होते. या नोंदींतील संक्षेप समजून घेणे आवश्यक असते. नावापुढे ‘अ.पा.क.’ असेल तर खातेदार अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असून पुढचे नाव त्याच्या पालनकर्त्याचे असते, ‘ए.कु.मॅ.’ असेल तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची मॅनेजर म्हणून उभी असते, म्हणजे तिच्यामागे नोंद न झालेले भाऊ असण्याचा संभव असतो. स्त्रिया या कागदांत फारशा दिसत नाहीत. ज्या दिसतात त्या ‘कोम’ या शब्दाने नवऱ्याच्या नावाला जोडलेल्या, आणि बहुधा विधवा झाल्यावरच. धाकट्या तक्षिमेतील एक विधवा अशाच नोंदीमुळे सापडली. तिने घेतलेल्या दत्तकामुळे वंश पुढे चालला होता, आणि घरच्या तोंडी वंशावळीत त्या दत्तकाला पोटचा मुलगा मानलेले होते.

गाव नमुना १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते जन्ममृत्यूचे रजिस्टरही पाहिले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या पुस्तकांना अचानक महत्त्व आले. अभिलेख कक्षांत कधी नव्हे ती गर्दी झाली. वंशावळ लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा एक लाभ असा झाला की वर्षानुवर्षे न उघडलेले गठ्ठे उघडले गेले आणि त्यांतले कागद निदान पाहण्याजोगे झाले. आमच्या प्रश्नावर मात्र कोतवाल बुक मौन होते. त्यातून तीन पिढ्यांची नावे पक्की झाली, परंतु दोन घरांच्या नात्याबद्दल त्यात काही असणे शक्यच नव्हते. जन्म आणि मृत्यू नोंदवताना कोतवालाला कोणी विचारत नसे की हा त्याचा कोण लागतो.

भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या मोजणीच्या कागदांनीही हेच सांगितले की पाटीलकीच्या इनाम जमिनीची फाळणी पहिल्यापासून दोन समान भागांत होती. महसुली कागद येथे थांबले. हिस्सा किती, हे त्यांनी शंभरहून अधिक वर्षांसाठी सिद्ध केले, पण तो हिस्सा कसा आला, हे त्यांच्या कक्षेबाहेरचे होते.

शेजाऱ्यांचा कुलवृत्तांत

वाचनालयांचा उपयोग या टप्प्यावर झाला, आणि तो जिथे अपेक्षित नव्हता तिथून झाला. वाई हे ग्रंथांच्या दृष्टीने भाग्यवान गाव आहे. प्राज्ञपाठशाळा तेथे आहे आणि मराठी विश्वकोशाचे कामही तेथूनच चालत आले. १८८५ साली निघालेला सातारा जिल्ह्याचा गॅझेटिअर वाचून गावचा परिसर, बाजार, यात्रा यांची माहिती मिळाली, पण एका खेड्यातल्या पाटलाचे नाव गॅझेटिअरमध्ये शोधण्यात अर्थ नसतो. पुण्यात १८४८ पासून चालत आलेल्या नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या संस्थांत कुलवृत्तांतांची कपाटे असतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून महाराष्ट्रात कुलवृत्तांत छापण्याची जी चळवळ उभी राहिली, ती मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ घराण्यांची होती. मराठा पाटलांच्या घराण्यांचे असे ग्रंथ त्या काळात फार थोडे निघाले. म्हणून शिक्षिकेने प्रथम ती कपाटे पाहण्यास नकार दिला आणि तो नकार रास्तच होता.

परंतु गावच्या कुलकर्ण्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला होता. ज्यांचे दप्तर जळाले त्यांच्याच एका पूर्वजाने ते जळण्यापूर्वी काही कागदांचा सारांश त्यात देऊन ठेवला होता, हे केवढे सुदैव! त्यात एका परिच्छेदात असे म्हटले होते की गावच्या पाटीलकीच्या विक्रीचा महजर (गोताच्या साक्षीने केलेला दस्तऐवज) आमच्या मूळपुरुषाने लिहिला, आणि त्याचे साल १७१७ दिले होते. ‘विक्री’ या शब्दाने सारे प्रकरणच फिरले. तोवर दोघे भाऊ आणि त्यांची वाटणी याच चौकटीत आम्ही कागद वाचत होतो. आपल्या घराण्याचा ग्रंथ नसेल तर गावातल्या दुसऱ्या वतनदाराचा पाहावा, ही गोष्ट वंशावळ शोधणाऱ्या कोणालाही मी आता आग्रहाने सांगतो. कुलकर्णी, जोशी, देशमुख, देशपांडे यांच्या कागदांत पाटील, महार, न्हावी, सुतार सगळेच येतात, कारण वतनाचा कोणताही निवाडा गोतसभेशिवाय, म्हणजे गावातल्या वतनदार-बलुतेदारांच्या सभेशिवाय, होत नसे.

पुण्याचे दफ्तर

पुढचा मुक्काम पुण्याच्या पुराभिलेखागारात होता, ज्याला जुनी माणसे अजून पेशवे दफ्तर म्हणतात. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर हे कागद कंपनी सरकारच्या ताब्यात आले आणि ते जपले गेले ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे, तर इनामे आणि वतने यांचे दावे तपासण्यासाठी. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला कायदेशीर अधिकार मिळाले आणि प्रत्येक इनामदाराला, वतनदाराला आपला हक्क कागदाने सिद्ध करण्याची वेळ आली. लोकांना या कमिशनचा फार त्रास झाला, कित्येकांची इनामे गेली. परंतु या सक्तीमुळेच हजारो घराण्यांनी आपापल्या वंशावळी, कैफियती आणि जुन्या सनदांच्या नकला सरकारात दाखल केल्या, आणि आज त्यांच्याच वंशजांना त्या कमिशनच्या दप्तरात आपले पूर्वज सापडतात. १८९१ मध्ये पूर्ण झालेल्या दगडी इमारतीत हे सारे कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहे. कागद कोट्यवधी आहेत आणि त्यांतले बहुतेक मोडीत आहेत.

१९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली या दफ्तरातील निवडक कागद ४५ भागांत छापले गेले. ते भाग राजकारण आणि लढाया यांचे आहेत. खेड्यातल्या पाटीलकीचा शोध घेणाऱ्याने त्यांच्या सूचीत आपले आडनाव पाहून, ते नाही म्हणून परत फिरू नये. मूळ दफ्तरात प्रवेश करताना आडनाव हा धागाच कामाचा नाही. तेथील रचना शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी, पागा, सातारा महाराज दफ्तर, आंग्रे दफ्तर, इनाम कमिशन अशा विभागांची आहे, म्हणजे कागद ज्या कामासाठी तयार झाला त्या कामानुसार. गाव शोधायचे तर आजचा तालुका नव्हे, तर त्या काळचा प्रांत आणि समत (प्रांताचा पोटविभाग) माहीत असावी लागते. आमचे गाव आज वाई तालुक्यात असले तरी जुन्या कागदांत ते प्रांत वाईच्या एका समतेखाली येते, आणि त्याच नावाचे दुसरे गाव शेजारच्या समतेत आहे. समत न लिहिता मागणीपत्र दिले असते तर भलतेच गाव हाती आले असते.

साताऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पेशवाई गेल्यावर हा मुलूख थेट इंग्रजांकडे न जाता साताऱ्याच्या छत्रपतींकडे राहिला. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केले गेले आणि त्यांच्या बंधूंच्या मृत्यूनंतर १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झाले. त्यामुळे पुणे वा अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील गावांची वतनचौकशी ज्या काळात सापडते, त्या काळात साताऱ्याच्या गावांची सापडत नाही. ती एकतर सातारा महाराज दफ्तरात पाहावी लागते, नाहीतर १८४८ नंतरच्या कागदांत. आम्ही दुसरा मार्ग धरला, कारण खालसा झाल्यानंतरच्या चौकशीत दोन्ही तक्षिमांना स्वतंत्रपणे जबाब द्यावा लागला असणार असा तर्क होता.

तो तर्क बरोबर निघाला. प्रकरणाच्या रुमालात दोन कैफियती (लेखी जबाब), दोन वंशावळी आणि एका जुन्या महजराची नक्कल होती. थोरल्या तक्षिमेची वंशावळ एका मोकदमापासून, म्हणजे पाटलापासून, सुरू होते आणि धाकट्या तक्षिमेची दुसऱ्याच माणसापासून. वर जाऊन त्या दोन्ही कोठेही मिळत नाहीत. धाकट्यांच्या कैफियतीत स्पष्ट लिहिले आहे की आमच्या वडिलांनी निम्मी मोकदमी खरेदी केली आणि विकणाराने आम्हांस भाऊ करून घेतले. थोरल्यांच्या कैफियतीत तोच व्यवहार वेगळ्या सुरात आहे : दिवाणच्या (सरकारच्या) पैक्याचा तगादा लागला, गाव उजाड पडला, म्हणून निम्मी मोकदमी देऊन गाव राखला. दोघे एकमेकांविरुद्ध भांडत होते, आणि तरीही विक्री झाली याबद्दल दोघांत दुमत नव्हते. म्हणूनच हा पुरावा मला बळकट वाटतो.

वतनाची निम्मी विक्री करून घेणाऱ्याला भाऊ मानण्याची ही रीत सतराव्या-अठराव्या शतकात चांगलीच रूढ होती. विकणारा संपूर्ण वतन सहसा सोडत नसे. तो वडीलपण स्वतःकडे ठेवी आणि घेणाऱ्याला धाकटेपण देई. त्यासाठी मानपानाची बारीक यादी करावी लागे, कारण पाटलाच्या दृष्टीने जमिनीइतकेच मोल मानाला होते. आमच्या महजरात पहिला टिळा-विडा थोरल्याने घ्यावा आणि मागून धाकट्याने घ्यावा, होळीची पोळी प्रथम थोरल्याची आणि पाठोपाठ धाकट्याची, पोळ्याच्या दिवशी दोघांचे बैल वेशीतून बरोबर चालावेत पण थोरल्याचे उजवीकडून, असे तपशील आहेत. आजही गावात बैल याच क्रमाने चालतात. यात्रेत धाकटे मागे का, या प्रश्नावर आत्या ‘आपण धाकट्या भावाचे’ असे उत्तर देत आल्या होत्या. क्रम महजरातला आहे. भाऊपणाचा अर्थ मात्र पिढ्यांच्या ओघात कराराकडून रक्ताकडे सरकला. दोघांनीही वतनाचेच नाव आडनाव म्हणून लावल्यावर तर फरक दाखवणारी शेवटची खूणही पुसली गेली.

महजराखाली गोताच्या साक्षी आहेत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, शेट्याच्या नावापुढे तागडी, न्हाव्याच्या नावापुढे आरसा, आणि गावच्या महाराची साक्ष. गावच्या हद्दीच्या आणि वतनाच्या वादांत महाराच्या शब्दाला त्या काळी किती वजन होते, हे अशा कागदांतून जितके कळते तितके इतर कशातून कळत नाही. या साक्षीदारांच्या वंशजांपैकी एका घराला आपल्या पूर्वजाचे नाव प्रथमच या नकलेमुळे कळले.

वाचनाबद्दल थोडे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि नावे ठरावीक वळणाने संक्षिप्त केलेली असतात. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात, आणि शिक्षिकेने ते शिकून घेतले. वर्गात शिकलेली मोडी आणि एकोणिसाव्या शतकातल्या कारकुनाची घाईची मोडी यांत बरेच अंतर असते. पण आपल्या गावाचे नाव, ‘मोकदम’, ‘बिन’, ‘तक्षीम’ एवढे शब्द नजरेला पटकन ओळखू येऊ लागले की रुमाल चाळण्याचा वेग वाढतो आणि पूर्ण लिप्यंतरासाठी जाणकाराकडे न्यायची पाने नेमकी निवडता येतात. सगळा रुमाल जाणकाराकडून वाचून घेणे ना खिशाला परवडते ना त्याच्या वेळेला.

साल कोणते

कुलकर्ण्यांच्या कुलवृत्तांतात विक्रीचे साल १७१७ होते. नकलेत मात्र ‘छ ११ सफर, सन तिसा अशरीन मया व अलफ’ अशी मिती होती; ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. तिसा म्हणजे नऊ, अशरीन म्हणजे वीस, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, मिळून ११२९. कुलवृत्तांतकारांनी ११२९ हे हिजरी वर्ष धरले आणि त्यानुसार सफर महिना १७१७ च्या जानेवारीत आला. परंतु मराठी कागदांतला हा सन हिजरी नसून शुहूर आहे. मृग नक्षत्राला तो बदलतो, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. त्या हिशोबाने साल १७२८-२९ ठरते. त्यातून फसली सन वेगळा. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे असतात, आणि तो समजून चालले असते तर वर्ष आणखी तिसरेच निघाले असते.

येथे निव्वळ नियमावर विसंबण्याची वेळ आली नाही, कारण नकलेच्या आरंभी ‘शके १६५० कीलकनाम संवत्सरे भाद्रपद’ असेही लिहिले होते. शके १६५० म्हणजे १७२८, आणि त्या वर्षी सफर महिना सप्टेंबरमध्ये, म्हणजे भाद्रपदातच येतो. जानेवारीत भाद्रपद येणे शक्य नाही. कुलवृत्तांतकारांच्या हाती बहुधा कागदाचा आरंभ फाटलेली प्रत होती, आणि त्यांना दोष न देता त्यांचे ऋण मानावे असेच मला वाटते; त्यांनी तो परिच्छेद लिहिला नसता तर आम्ही त्या रुमालापर्यंत पोचलोही नसतो.

या अकरा वर्षांच्या फरकाला महत्त्व आहे. १७१७ मानले तर विकणारा मोकदम त्याच्या घरच्या वंशावळीनुसार अद्याप अज्ञान ठरतो आणि सारा व्यवहार संशयास्पद होतो. काही वर्षांपूर्वी थोरल्या घरातील एका सद्गृहस्थांनी याच कारणावरून तो परिच्छेद खोटा ठरवला होता. १७२८ मानले की अडचण उरत नाही.

पानिपतच्या कथेचेही याच पद्धतीने परीक्षण झाले. जे दोघे भाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पडले असे सांगितले जाते, त्यांची नावे थोरल्या तक्षिमेच्या वंशावळीत आहेत. त्यांच्यापैकी एकाचे नाव रुमालातील दुसऱ्या एका कागदावर ‘सबा सितैन मया व अलफ’ या सनात, म्हणजे १७६६-६७ मध्ये, नांगराच्या निशाणीसह येते. तो पानिपतावर गेला नव्हता असे यावरून म्हणता येत नाही, पण तेथे तो मेला नाही हे निश्चित. दुसऱ्या भावाचे नाव १७६१ नंतर दिसत नाही. स्मरणिकेत त्याच्याविषयी ‘घराण्यातील परंपरेनुसार’ असे शब्द घालून कथा ठेवावी, अशी मी शिफारस केली.

उपाध्यायांची वही

धाकट्यांचे मूळ आडनाव महजरात होते, पण एकाच ठिकाणी, आणि मोडीत त्याची दोन वाचने संभवत होती. ती शंका त्र्यंबकेश्वरी मिटली. तीर्थक्षेत्रातील उपाध्यायांच्या वह्या सरकारी अभिलेख नाहीत. त्या त्यांच्या घरची मालमत्ता आहेत आणि त्या दाखवाव्यात की नाही हा त्यांचा अधिकार आहे. तेथे अर्ज आणि नियम चालत नाहीत. यजमान म्हणून जावे, गाव आणि जात सांगावी, पूर्वजांपैकी कोणी येऊन गेल्याचे स्मरण असेल तर ते सांगावे, आणि योग्य ती दक्षिणा द्यावी. उपाध्यायांनी गावावरून वही काढली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका सिंहस्थात आलेल्या धाकट्या तक्षिमेच्या पूर्वजाचा लेख दाखवला. त्याने आपले नाव, बापाचे नाव, आज्याचे नाव, मूळ आडनाव आणि त्यापुढे ‘मोकदम निमे’ असे लिहवून घेतले होते. पुढच्या पिढीच्या लेखात मूळ आडनाव गेले आणि नुसते पाटील राहिले.

लेखातील आज्याचे नाव कैफियतीतील वंशावळीशी जुळते. दोन कागद, दोन वेगळ्या कारणांसाठी, एकमेकांची माहिती नसताना लिहिलेले, आणि तरी एकच क्रम सांगणारे. वंशावळीत याहून भक्कम आधार क्वचित मिळतो. ते मूळ आडनाव लावणारी घराणी शेजारच्या समतेतील एका गावात आजही आहेत, त्यांचे देवक कळंब आहे आणि कुलदैवत तुळजापूरची भवानी. त्यांच्याशी धाकट्या तक्षिमेचे नेमके नाते दाखवणारा कागद मिळालेला नाही, म्हणून वंशावळ खरेदीदारापाशीच थांबवली आहे.

निष्कर्ष आणि स्मरणिका

निष्कर्ष दोन्ही घरांपुढे एकाच बैठकीत, नकला आणि लिप्यंतर हातात देऊन मांडले गेले. हे मुद्दाम यात्रेनंतर केले, कारण बगाडाच्या दिवसांत मानाचा विषय काढणे शहाणपणाचे नव्हते. थोरल्या घरात अपेक्षेप्रमाणे अस्वस्थता होती, पण ती वेगळ्याच कारणाने. वडीलपण त्यांचेच राहिले, हे महजराने पक्के केले होते. त्यांना खुपत होते ते पूर्वजाला कर्जापायी वतन विकावे लागले हे. धाकट्या घरात उलट, काही तरुणांना खरेदीचा अभिमान वाटला आणि काही वृद्धांना आपण ‘बाहेरून आलेले’ ठरलो याचे दुःख झाले. आत्यांनी महजराचे वाचन पूर्ण ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “मग त्या सोयरिकीला आडकाठी काय होती?” याचे उत्तर तेथे कोणाजवळ नव्हते.

एका झाडाच्या दोन फांद्यांचे चित्र रद्द झाले. स्मरणिकेत दोन वंशावळी स्वतंत्र पानांवर छापाव्यात, मध्ये महजरातील मानपानाची यादी द्यावी, आणि साक्षीदार म्हणून आलेल्या सर्व बलुतेदारांची नावे त्याच अक्षरात छापावीत असे ठरले. लिप्यंतराची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवली आहे. धाकट्या घराने मूळ आडनाव कंसात छापण्याचा आग्रह धरला, तो मान्य झाला. थोरल्या घराने एक अट घातली : निम्मी मोकदमी किती रुपयांना विकली, तो आकडा छापायचा नाही. धाकट्यांनी ती अट विनातक्रार मान्य केली, आणि म्हणून तो आकडा या लेखातही दिलेला नाही.